गोपिकाबाईच्या सहा मशिनी

"माह्या हातासारखा दुसरा हात आणून दाखव."

नळाला पाणी येवो न येवो, हे वाक्य आमच्या देवळीच्या गल्लीत रोज यायचं. गिऱ्हाईक किमतीवरून कुरकुरलं की गोपिकाबाई हे म्हणायची. एखादीने दुरुस्त केलेली मशीन पुन्हा अडते म्हणून परत आणली, तरी हेच म्हणायची. नवऱ्याने, बापूरावने, भाजीत मीठ जास्त पडलं असं हळूच सांगितलं, तरी चुलीपुढून हेच उत्तर यायचं. बापूराव गावाबाहेरच्या दीड एकरात वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावतो. तो गरीब माणूस पाणी पिऊन उठायचा.

मी तिच्या शेजारी राहतो. शाळा माझी लवकर सुटली, पण माणसं वाचायची सवय सुटली नाही. गोपिकाबाई मी वीस वर्षं वाचत आलो, म्हणून तिच्याबद्दल लिहायचा हक्क माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.

तिचा धंदा जुन्या शिलाई मशिनींचा. कुणाची सासू गेली, कुणाची लेक सासरी गेली, कुणी घर बदललं, की माळ्यावरची, कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगाखालची, कोंबड्या बसून बसून पांढरी झालेली मशीन तिच्या ओसरीवर येऊन पडायची. ती तिला उघडायची. एकेक पुर्जा रॉकेलमध्ये भिजवायची. गंज उतरवताना ती अशी बोलायची, जसं का माहेरी आलेल्या पोरीच्या केसातला गुंता काढते आहे. मग काळा रंग चढायचा आणि रंग वाळला की त्यावर पिवळ्या रंगाने वेल यायचा. सात पानांचा वेल. तिच्या उजव्या हाताच्या बोटातून तरुणपणी सुई आरपार गेली होती. ते बोट नीट वाकत नाही, त्यामुळे पाचवं पान नेहमी उलटं पडायचं. तेही तिला शोभून दिसायचं.

आणखी एक काम ती करायची, आणि ते मोठ्या प्रेमाने करायची. मशीनच्या बुडाशी कंपनीने ठोकलेला नंबर असतो. जाणकार माणूस त्यावरून मशीन किती सालची ते ओळखतो. गोपिकाबाई त्या नंबरात लांबी, रंगारी खड्डे बुजवायला वापरतात ती, भरायची, पॉलिश पेपरने घासून सपाट करायची आणि वरून रंग द्यायची.

"बाईमाणसाचं वय कायले सांगाव गावाले?" ती म्हणायची. "चालते कशी ते पाह्य ना."

नऊ वर्षांपूर्वी तिच्याकडे उज्वला आली. भाजीवाल्या घरातली पोर, सडपातळ, कमी बोलणारी. आली होती ब्लाऊज शिकायला, पण दुसऱ्याच महिन्यात कात्री बाजूला ठेवून मशीनच्या पोटात डोकं घालून बसायला लागली. गोपिकाबाईला पोटची पोर नाही. तिने उज्वलाला सगळं दिलं. शटल कसं बसवायचं, पट्टा कितपत ताणायचा, वेलाची सुरुवात कुठून करायची. नंबर कसा बुजवायचा तेही. दोन वर्षांनी उज्वलाचं लग्न झालं आणि ती सावंगीला गेली. तिथे मोठ्या दवाखान्याजवळ, नर्सा आणि विद्यार्थी राहतात त्या भागात, तिने एक खोली घेतली आणि तोच धंदा मांडला.

सुरुवातीला गोपिकाबाई मिरवायची. "माह्या हाताखालची हाय." मग उज्वलाच्या मशिनी विकायला लागल्या. मग भराभर विकायला लागल्या. तेव्हापासून गोपिकाबाईच्या तोंडून "हाताखालची" हा शब्द गेला, आणि तिच्या आत काहीतरी कुरकुरायला लागलं. मशीनचा पट्टा सैल झाला की मशीन बंद पडत नाही, चालते, पण प्रत्येक फेऱ्याला एक बारीक आवाज करते. तसं. सावंगीहून कुणीही आलं, दवाखान्यात पाय दाखवून आलं तरी, ती आधी पाय कसा आहे ते विचारायची नाही.

"तिथीसा त्या उज्वलाच्या खोलीसमोर किती मशिनी होत्या?"

"मी पाय दाखवाले गेलतो बाई."

"डोये तं होते ना संग?"

उज्वला तिच्या मशिनी फोनवरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात टाकायची. फोटो टाकायचा, खाली चार ओळी लिहायच्या, लोक पाहतात आणि फोन करतात. हे कळल्यावर गोपिकाबाईनेही फोन घेतला. सातवी शिकलेली बाई, मराठी अक्षर वाचते. तिने पहिली जाहिरात टाकली: "मशीन विकणे आहे. चांगली आहे." तीन आठवड्यांत एक फोन आला, तोही कुणीतरी नंबर चुकून लावला म्हणून.

मग तिने काय केलं ते मला नंतर कळलं. दुपारी भिंतीकडे तोंड करून तिने उज्वलाच्या जाहिराती उघडल्या. फोटो पाहिले. उज्वला मशीनखाली हिरवं लुगडं अंथरायची, हिनेही पेटीतलं हिरवं लुगडं काढलं. उज्वला मशीन उजवीकडून घ्यायची, हिनेही उजवीकडून घेतली. आणि उज्वलाने लिहिलेल्या ओळींवर बोट दाबून धरलं, सगळं उचललं आणि आपल्या सहाही मशिनींखाली चिकटवलं. फोनवर वरच्या दोन ओळीच दिसतात, खालचं वाचायला आणखी एकदा बोट लावावं लागतं. तिने लावलं नाही. शत्रूचं अन्न खाताना कुणी चव घेत बसत नाही.

फोन यायला लागले. आणि त्यातला एक फोन हिंगणघाटच्या सुलोचनाबाईंचा होता.

सुलोचनाबाई तिथे मुलींचा शिवणवर्ग चालवतात. सरकीच्या आणि कापडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या घरांतल्या मुली. त्यांना सहा मशिनी हव्या होत्या. "वर्गाची समिती आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी दुपारी आम्ही सगळ्या बसून फोनवरच्या जाहिराती बघू. ज्या दिसतील त्यांतूनच निवडू. तुमच्या आणि सावंगीच्या एका बाईंच्या, अशा दोघींच्याच आम्हाला पसंत आहेत. सोमवारी टेम्पो घेऊन येईन."

सावंगीच्या एका बाईंच्या.

त्या दिवशी गोपिकाबाई जेवली नाही. भुकेची तिला आठवण नव्हती. तिला सहाच्या सहा आपल्या न्यायच्या होत्या. पाच गेल्या आणि एक उज्वलाची गेली, तरी जिल्हाभर कुणीतरी म्हणणार की दोघी सारख्याच. तिला सारखं व्हायचं नव्हतं.

बुधवारी सकाळी तिने फोन उघडला आणि सहाही जाहिराती गेलेल्या. जागेवर एक ओळ होती. ती फोन घेऊन माझ्या पायरीवर आली. "भाऊ, हे वाचा. मले बरोबर दिसून नाई राह्यलं." तिला चांगलं दिसत होतं. तिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं, खोटं निघेल या आशेने.

मी वाचलं. "ही वस्तू आधीच दुसऱ्या जाहिरातीत आहे. दुबार जाहिरात असल्याने काढून टाकली आहे."

"दुबार म्हंजे?"

"म्हणजे तीच वस्तू दोनदा टाकली. नक्कल."

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जसं मीच ते लिहिलं होतं. "नक्कल? मी? कोनाची?"

खाली उज्वलाच्या जाहिरातीचा फोटो दिला होता. काळी मशीन, हिरवं लुगडं, पिवळा वेल, पाचवं पान उलटं. उज्वलाचं बोट चांगलं वाकतं, तरी पान उलटं. शिकवलं तसं शिकली होती पोर.

"भाऊ, उठा," गोपिकाबाई म्हणाली. "तिनं तक्रार केली माह्यी. माह्याच हातचं खाऊन माह्यीच तक्रार. सावंगीले जाऊ."

गुरुवारी आम्ही बसने गेलो. खिडकीबाहेर कापसाची शेतं सरकत होती आणि ती समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसली होती. उज्वलाची खोली आली. आत दोन नर्सा मशीन पाहत होत्या. उज्वला खाली बसून पायडलला तेल घालत होती. आम्हाला पाहून उठली, हात फडक्याला पुसले आणि वाकली. गोपिकाबाईने पाय मागे घेतले.

"ते राहू दे. तक्रार काऊन केली?"

"कायची तक्रार, मावशी?"

"माह्या सहा मशिनी उडवल्या त्या बाजारातून! नक्कल म्हणे! तुले शटल पकडता येत नोतं, सुई उलटी घालत होती तू, तवा कोनी शिकवलं?"

"तुमीच."

"मंग मी नक्कल कशी?"

उज्वलाने फडकं खाली ठेवलं. नर्सा मशीन सोडून यांच्याकडे पाहायला लागल्या होत्या. "मावशी, मी तक्रार नाई केली. ते आपोआप होते. फोटो सारखा दिसला, लिवलेलं सारखं असलं, का ते म्हणते एकच वस्तू हाय. माह्या बी गेल्या वर्षी उडवल्या होत्या, आपसातच. माह्यीच एक मशीन माह्याच दुसऱ्या मशीनची नक्कल म्हणे."

"अन् मंग?"

"मंग नंबर दाखवा म्हनले. मी सगळ्याईचे नंबर खरवडून मोकळे केले. प्रत्येकीचं येगळं लिवलं, कोनती जड चालते, कोनती जाड कापड घेत नाई. मंग आल्या वापस." ती गोपिकाबाईजवळ सरकली आणि आवाज खाली आणला, पण खोली लहान होती. "मावशी, तुमी माह्यं लिवलेलं पूर्ण वाचलं नाई का?"

"मी कायले वाचू तुह्यं?"

"मंग चिकटवलं कसं?"

वयाने मोठी नर्स हसली आणि लगेच तोंड फिरवलं. गोपिकाबाईचा चेहरा विटकरीसारखा झाला. उज्वलाने आपला फोन माझ्या हातात दिला. मी खालच्या ओळीवर बोट लावलं आणि वाचलं. शेवटी लिहिलं होतं: "मशीन उघडायला मी देवळीच्या गोपिकाबाईंकडे शिकले. त्यांच्यासारखा हात या जिल्ह्यात नाही."

प्रत्येक जाहिरातीखाली होतं ते. आणि गोपिकाबाईने उचलल्यामुळे गोपिकाबाईच्याही सहा मशिनींखाली होतं. आठवडाभर ती जगाला सांगत होती की मी गोपिकाबाईंकडे शिकले.

आता कुणाचंही मन पाघळलं असतं. माझं पाघळलं. मी मान वळवून पाहिलं, तर गोपिकाबाईच्या डोळ्यांत पाणी होतंच, पण ते दुसऱ्या जातीचं होतं.

"म्हंजे," ती सावकाश म्हणाली, "माह्यं नाव लावून विकून राह्यली होती तू. म्हून तुह्या मशिनी जात होत्या. अन् मी बसली घरी लोकाईले पुसत."

"मावशी, चला, मी तुमचे नंबर काढून देतो. आजच्या आज त्या फोनवरच्या बाजारवाल्याईले अर्ज करू. शनिवारी बसते ती समिती—"

"तुले बी फोन आला?" गोपिकाबाई वळली. "तुले बी आला ना! अन् तरी तू मले शिकवून राह्यली? नको शिकवू मले. मले कोनी शिकवलं नाई, मी कोनाकडून शिकत नाई."

परत येताना ती खिडकीकडे तोंड करून बसली. देवळीच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र, जसं आत्ताच सुचलं असं, म्हणाली, "भाऊ, मी इचार केला. नंबर खरवडून पाहू आपून."

मी म्हटलं, "चांगलं सुचलं." शेजारी म्हणून माणसाला काही कर्तव्यं असतात.

शुक्रवारी सकाळपासून ती ओसरीवर बसली. थिनरचा बोळा, बोथट पटाशी, आणि समोर सहा काळ्याभोर मशिनी. स्वतःच्या हाताने घातलेला रंग स्वतःच्या हाताने उतरवणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. पहिल्या मशीनचा नंबर हळूहळू वर आला, विहिरीच्या तळाला पडलेलं भांडं पाणी ओसरल्यावर दिसावं तसा. दुसरीचा आला. तिसरीचा, चौथीचा आला. पाचवीला तिने अर्धा तास घासलं. लांबी निघाली, रंग निघाला, खालचं लोखंड चकचकीत झालं, आणि त्यावर काहीच नव्हतं.

"गेला?" बापूरावने वांग्याची टोपली खाली ठेवत विचारलं.

"घासला होता म्या. चार साल अगोदर. लई सुंदर घासला होता." तिने सहावी पाहिली. तीही तशीच. त्या दोन मशिनी तिच्या सगळ्यात आवडत्या होत्या, म्हणून त्यांच्यावर सगळ्यात जास्त मेहनत झाली होती.

"मंग आता?"

"मंग आता काय, तुमच्या वांग्याईले नंबर हाय का पाहा!"

मी अर्ज लिहायला घेतला. फोटो समोरून, मागून, नंबराचा जवळून, आणि एका चिठ्ठीवर आजची तारीख लिहून ती मशीनवर ठेवून. हिरवं लुगडं तिने काढलं. त्याऐवजी मागे बापूराव उभा राहिला, त्याचं अर्धं धोतर प्रत्येक फोटोत आलं. अर्जात एक चौकोन होता: ही वस्तू वेगळी कशी, ते सांगा. मी पेन, म्हणजे बोट, रोखून बसलो.

"लिवा," ती म्हणाली, "माह्या हातासारखा—"

"तो हात त्यांना दिसत नाही, बाई. मशीनचं सांगा."

ती मशिनींकडे सरकली. मग पहिल्या मशीनवर तळवा ठेवला. "हिचं चाक थोडं डाव्या अंगाले लपकते, डुगडुगते. आवाज करते, पण दोरा तोडत नाई. लिवा. दुसरीचा पट्टा नवा हाय, पायडल जड हाय, नव्या पोरीचे पाय दुखतीन. तिसरी आमच्या शेजारच्या शकुबाईच्या सासूची होती, जाड कापडाले घाबरते. चौथीत खोट नाई. खरंच नाई. तसं लिवू का?"

"लिहू."

पाचवी आणि सहावीबद्दलही तिने सांगितलं, सगळ्यात जास्त सांगितलं. पण नंबराच्या फोटोत चकचकीत लोखंडच होतं.

शनिवारी सकाळी चार जाहिराती परत आल्या. दोन आल्या नाहीत. उत्तरात लिहिलं होतं की नंबर दिसत नसल्याने खात्री करता येत नाही. तिने ती ओळ तीनदा वाचायला लावली. दुपारी समिती बसली असेल त्या वेळी ती ओसरीवर बसून त्या दोन मशिनींकडे पाहत होती. रागावलेली नव्हती. आपल्याच लाडाने वाया गेलेल्या पोरांकडे आई पाहते, तशी पाहत होती.

संध्याकाळी सुलोचनाबाईंचा फोन आला. "तुमच्या चार दिसल्या, चारही घेतो. लपकणारं चाक लिहिलंत ते समितीला फार आवडलं. उरलेल्या दोन सावंगीहून घेतो."

चार आणि दोन. दुसरी कुणी असती तर नाचली असती. गोपिकाबाईने दोन हा शब्द ऐकताना ओठ असे मिटले, की ते दोन दातांखाली आले असते तर चावले गेले असते.

सोमवारी टेम्पो आला. सावंगीवरून येताना उज्वलाच्या दोन मशिनी आणि उज्वला त्यात बसून आल्या होत्या. सुलोचनाबाई उतरल्या, जाड चष्म्याच्या, भरभर चालणाऱ्या. त्यांनी प्रत्येक मशीनवर कापडाचा तुकडा चालवून पाहिला. गोपिकाबाईने मात्र त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती टेम्पोच्या फळीवर हात टेकून उज्वलाच्या मशिनी पाहत होती. वेल बारीक होता, रेघ एका दमात ओढलेली. तिने चाकाला बोट लावलं. चाक फिरलं, फिरत राहिलं, काहीही न बोलता थांबलं.

"कशी वाटते, मावशी?" उज्वलाने वरून विचारलं.

"तेल जास्त घालते तू."

"बरं."

"वेल…" गोपिकाबाई म्हणाली आणि थांबली. "वेल बरा काढते." हे शब्द तिच्या घशातून निघताना मी पाहिले. गंजलेला स्क्रू निघतो तसे निघाले. मग तिने मान वर केली. "माह्यं नाव काढ त्या जाहिरातीतून."

"काऊन?"

"मी मेल्यावर लावजो. अजून मी सोता विकून राह्यली."

"नाई काढत."

"नाई काढत?"

"नाई. शिकली तं शिकलीच ना तुमच्याकडे. खोटं लिवू का?"

बापूराव वांगी निवडता निवडता थांबला. सुलोचनाबाई मध्ये पडल्या. "बाई, तुम्ही दोघी चला ना हिंगणघाटला. मशिनी बसवून द्या, मुलींना तेलपाणी कसं करायचं ते दाखवा. पुढे दर महिन्याला कुणीतरी एक यावंच लागेल."

"चला मावशी," उज्वला बाजूला सरकली. "इथं जागा हाय."

गोपिकाबाईने त्या जागेकडे पाहिलं. ती जागा उज्वलाच्या शेजारी होती. दोघी सारख्याच बसल्या असत्या.

"टेम्पो हळू जाते," ती म्हणाली. "मी बसने जातो. तुमच्या अगोदर पोचतो."

"अवं, वर्ध्याले बस बदलावं लागते," बापूराव म्हणाला.

"बदलीन."

ती आत गेली, पिशवीत तेलाची कुपी आणि दोन पेचकस टाकले, पदर कमरेला खोचला आणि आमच्यासमोरून निघाली. कुणाला येते म्हणाली नाही. गल्लीच्या उतारावर तिची पावलं भरभर पडायला लागली, पन्नाशी ओलांडलेल्या बाईला शोभणार नाहीत अशी. बापूराव टोपली धरून पाहत होता. मी पायरीवरून पाहत होतो. टेम्पोवाल्याने गाडी सुरू केली, तेव्हा उज्वलाने मागच्या फळीवर थाप मारली.

"थांबा जरा, दादा," ती म्हणाली. "मावशीले बस भेटू द्या."

ती मशिनींच्या मधे उभी राहिली, एक हात गोपिकाबाईच्या चौथ्या मशीनवर ठेवून, आणि गोपिकाबाई स्टँडच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली.